बागेची विचारपूस : अंगणातला बांबू

मे लागला की रोपवाटिकांच्या दारात बांबूच्या पिशव्यांच्या रांगा लागतात आणि आमच्याकडे बांबूविषयीचे प्रश्न येऊ लागतात. यंदाचे निम्मे प्रश्न लावण्याआधीचे आहेत, निम्मे लावून पस्तावल्यानंतरचे. आधीच्यांनी नंतरच्यांचेही वाचावेत.

बंगल्याच्या मागे ४० फूट लांब कंपाउंड आहे. भिंत आणि घर यांच्यात ९ फूट मोकळी जागा. पलीकडे पाच मजली इमारत उभी राहिलीय, भिंतीपासून साधारण २० फुटांवर. रोपवाटिकावाला म्हणतो, 'गोल्डन बांबू लावा, दोन वर्षांत पडदा तयार.' लावू का? (पुणे)

त्या जागेत नको. आपल्याकडे 'गोल्डन' म्हणून विकला जातो तो बहुधा पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला बांबुसा व्हल्गारिस. दिसायला देखणा, पण ३५ ते ५० फूट उंच जातो. काठी मनगटाहून जाड होते आणि बेटाचा घेर दरवर्षी वाढत राहतो. ९ फुटांच्या बोळात तो एका बाजूने भिंत रेटेल आणि दुसऱ्या बाजूने तुमच्या खिडकीत शिरेल.

दुसरी भानगड नावाची आहे. 'गोल्डन बांबू' याच नावाने फायलोस्टॅकिस ऑरिया हाही विकला जातो. तो बेट करत नाही, जमिनीखालून हरळीसारखा धावतो. त्यामुळे पिशवीवरची चिठ्ठी वाचून रोप घेऊ नका, रोपच नीट पाहा. काठीला फांदी फुटलेली असेल तिथे गाठीच्या वरच्या पेरावरून बोट फिरवा. त्या बाजूला पेर चपटं किंवा खाचेचं लागलं आणि गाठीला दोनच मुख्य फांद्या असल्या, तर तो धावणारा. पेर गोल आणि गाठीला फांद्यांचा झुबका असेल, तर बेट करणारा. खात्री नसेल तर पिशवी थोडी उकलून कंद बघा. बेटाच्या बांबूचा कंद आल्यासारखा आखूड, जाड आणि लगेच वर वळलेला असतो. धावणाऱ्याचा बारीक, लांब आणि आडवा.

तुम्हाला हवा तो बांबुसा मल्टिप्लेक्स, म्हणजे 'हेज बांबू'. बारीक काठ्या, दाट पानं. कापून १५ फुटांवर सहज ठेवता येतो. भिंतीपासून ३ फुटांवर रेघ आखा, दोन्ही टोकांना २ फूट सोडा आणि दर ४ फुटांवर एक अशी १० रोपं लावा. बेट घरापासून ६ फुटांवर येईल. तळमजल्याच्या खिडकीशी तुमचे डोळे जमिनीपासून ५ फुटांवर धरले, तर १५ फुटांचा हा पडदा पलीकडच्या इमारतीचा पन्नास फुटांपर्यंतचा भाग झाकतो. जवळच्या पडद्याचा हा फायदा लोक विसरतात आणि उगाच उंच जातीच्या मागे लागतात. पहिल्या मजल्यावरून मात्र हा हिशेब जुळणार नाही. तिथूनही आडोसा हवा असेल तर थायलंडचा थायर्सोस्टॅकिस घ्या. काठ्या सरळसोट, बेट आवळलेलं, उंची २५ फुटांच्या आसपास. तो दर ५ फुटांवर, म्हणजे तुमच्या लांबीत ८ रोपं.

आणि दोन वर्षांत पडदा होत नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर होतो.

खड्डा केवढा घ्यायचा, खत कुठलं, पाणी किती? हमरस्त्याकडेच्या शेतघराला ओळीने बांबू लावायचा आहे. (कोल्हापूर)

सुट्या रोपाला २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल. ओळीत लावायचा असेल तर खड्डे न घेता सलग चर खणा, म्हणजे कंद एकमेकांत मिसळून पडदा लवकर बांधला जातो. खणणं मेच्या मध्यापर्यंत उरका, माती उन्हात तापू द्या. वरच्या फूटभर थराची माती वेगळी ठेवा, भरताना तीच वापरायची. दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत हे प्रमाण. वर रोपाला अर्धा किलो निंबोळी पेंड. ताजं शेण घालू नका. ते खड्ड्यात तापतं आणि त्यावर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, पोसते.

दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. पिशवी कापून काढा, मुळांचा गोळा फोडू नका. पिशवीत माती जिथवर होती त्याच्या फार तर इंचभर खाली रोप बसवा. पहिल्या दोन वर्षी ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून दोनदा १० लिटर, फेब्रुवारी ते मे दर तिसऱ्या दिवशी १५ ते २० लिटर पाणी. ठिबक असेल तर ताशी ८ लिटरचे दोन ड्रिपर, तासभर. कमी पडतंय का हे पानंच सांगतात. दुपारी पानाची लांबट सुरळी झाली आणि संध्याकाळी उलगडली तर ठीक. सकाळीही सुरळी तशीच दिसली तर बेट तहानलेलं आहे.

बांबू म्हणजे गवत, त्याची भूक नत्राची. दुसऱ्या वर्षापासून जूनच्या मध्यावर आणि ऑगस्टच्या मध्यावर रोपाला ५०-५० ग्रॅम युरिया, काठ्यांपासून फूटभर लांब, ओल्या मातीत. त्याहून महत्त्वाची मातीची भर. नवा कंद जुन्याच्या थोडा वर सरकत येतो, मग तो उघडा पडतो आणि त्यातून येणारे कोंब मरतुकडे निघतात. म्हणून दर एप्रिल-मेमध्ये बुडाशी माती आणि शेणखताची दोन-तीन घमेली चढवा. गळलेली पानं झाडून जाळू नका. त्यांत सिलिका भरपूर असते, ती बेटालाच परत मिळू द्या.

दोन वर्षं झाली, पण काठ्या बोटाएवढ्याच. जाड कधी होतील? (बारामती)

त्या कधीच होणार नाहीत. बांबूचा कोंब जेवढ्या जाडीचा जमिनीतून वर येतो तेवढ्याच जाडीची काठी राहते. दोन-तीन महिन्यांत तिची उंची पूर्ण होते, मग ती फक्त पक्की होते. जाडी वाढते ती पुढच्या पावसाळ्याच्या कोंबांची, आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत वाढत जाते. बारीक काठ्या 'नाजूक दिसतात' म्हणून आत्ता कापू नका. त्यांच्याच पानांवर कंद पोसला जातोय. तिसऱ्या हिवाळ्यात काढा.

माणगा बांबूचे दहा कंद आणून लावले. सगळ्यांना पालवी फुटली, तरी दिवाळीपर्यंत सहा मेले. (कणकवली)

वरची पालवी फसवी असते. काठीत साठलेल्या अन्नावरच डोळे फुटतात, खाली एक मूळ नसतानाही. जमिनीतून नवा कोंब आला तरच कंद जगला असं धरायचं.

बहुतेक वेळा चूक काठीच्या वयात असते. देणारा जाडजूड जुनी काठी उपटून देतो, घेणाऱ्यालाही ती दणकट वाटते. पण तीन वर्षांवरच्या काठीच्या कंदावरचे डोळे वापरून संपलेले असतात. कंद हवा तो गेल्या पावसाळ्यात आलेल्या, म्हणजे वर्षाच्या काठीचा. फार तर दोन वर्षांच्या. काठी जमिनीपासून ३ फुटांवर, गाठीच्या वर तिरपी कापा. मग भोवतीची माती मोकळी करून जुन्या कंदाला जिथे जोड आहे तो बारीक मानेचा भाग कुऱ्हाडीने एका घावात तोडा. पहार घालून उचकटलं की डोळे ठेचतात. कंदावर निदान दोन-तीन फुगीर, धड डोळे दिसले पाहिजेत.

काढल्यापासून लावेपर्यंत कंद ओल्या गोणपाटात ठेवा आणि त्याच दिवशी लावा. टेम्पोत उन्हात एक दुपार गेली तर बारीक मुळं संपली. कंद पूर्ण झाकून वर दोन-तीन इंच माती येईल एवढं खोल लावा, काठीला आधार द्या, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटणार नाहीत. वेळ मेचा शेवट ते जूनचा पहिला पंधरवडा. श्रावणात लावलेल्या कंदाला मुळं धरायला पाऊस पुरत नाही.

माणगा घराजवळ लावायला आम्ही आवर्जून सांगतो. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव, सुटसुटीत बेटाचा, ३० फुटांच्या आसपास थांबणारा. काटेरी कळक मात्र अंगणात आणूच नका. त्याच्या बुडाशी जाळी झाली की साफसफाईला हात जात नाही, आणि जिथे हात जात नाही तिथे उंदीर येतात, त्यांच्यामागे साप.

पंधरा वर्षांपूर्वीचं पिवळ्या बांबूचं बेट आता आतून ठासून भरलंय, कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय. बेट तोडवत नाही. काय करू? (ठाणे)

तोडू नका, पण तीन हिवाळ्यांची मेहनत आहे. एका वर्षात सगळं साफ करायला गेलात तर कंद उपाशी पडेल आणि पुढचे कोंब करंगळीएवढे येतील. एका हंगामात एक तृतीयांशाहून जास्त काठ्या काढायच्या नाहीत.

काम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेटात शिरलात की कोवळे कोंब पायाखाली मोडतात.

आधी वय ओळखा. यंदाची काठी: बुडाच्या गाठींना तपकिरी खोळ चिकटलेली, अंगावर पांढरट भुकटी, खाली फांद्या नाहीत. खोळीवर बारीक कुसळं असतात, पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. दुसऱ्या वर्षाची: खोळ गळलेली, रंग तजेलदार, फांद्या भरलेल्या. तीन आणि पुढची: रंग विटलेला, अंगावर राखाडी डाग. पहिल्या दोन वयांना हात लावायचा नाही. खडूने खुणा करून मगच कोयता चालवा.

आता आत कसं शिरायचं? सगळीकडून थोडं थोडं कापलं तर नव्या काठ्या जातात आणि जुन्या आत अडकून राहतात, कारण बेट बाहेरच्या अंगाने वाढतं, तरुण काठ्या कडेला असतात. म्हणून घराच्या बाजूने तीनेक फूट रुंदीची वाट उघडून थेट मध्यापर्यंत जायचं आणि आतल्या जुन्या, वाळक्या, आडव्या पडलेल्या काठ्या त्या वाटेने ओढून काढायच्या. वरून पाहिलं तर बेट घोड्याच्या नालेसारखं दिसेल. पुढच्या हिवाळ्यात आणखी आत. काठी जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या गाठीच्या अगदी वर कापा. गाठीच्या वर चार इंच पेर शिल्लक ठेवलं तर त्याचा पेला होतो. त्यात पाणी साचून खुंट कुजतो आणि डेंग्यूच्या डासांना घर मिळतं.

भिंतीची बाजू वेगळी. भिंतीपासून २ फुटांतल्या काठ्या कंदासकट काढा. तिथे दीड फूट रुंद, २ फूट खोल चर खणा, आडवे येणारे कंद कुऱ्हाडीने तोडा आणि चर मातीऐवजी पालापाचोळ्याने भरा. मग दर जुलै-ऑगस्टमध्ये पाचोळा बाजूला सारून पाहायचं. चरात डोकं काढणारा कंद पांढरा, कोवळा असतो, फावड्याने तुटतो. भिंतीकडे फूटभर उंचीचा कोंब दिसला तर लाथ मारली तरी मोडतो. महिन्याभराने तोच कोंब करवत मागेल. तडा गवंड्याकडून या चरानंतरच भरून घ्या, आधी भरला तर पुन्हा उघडेल.

काठ्यांवर कापसासारखा पांढरा थर, खाली उभी गाडी चिकट होते, पानं काळी पडलीत. (फोंडा)

कापूस म्हणजे मावा. तो रस शोषून गोड चिकटा टाकतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या माव्याची राखण करतात. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काठ्या धुवा. संध्याकाळी लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि ते मिसळायला थोडा पातळ साबण घालून फवारा, आठ-आठ दिवसांनी तीनदा. बेट दाटलेलं असेल तर फवारा आत पोहोचणारच नाही, आधी विरळणी. गाडी दुसरीकडे लावा, हेही सांगायला हवं. बेटाखाली पानगळ तशीही बारा महिने असते.

नवव्या मजल्याच्या बाल्कनीत बांबू लावता येईल? (मुंबई)

येईल, पण आधी वजन. २०० लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग ओल्या मातीने भरला की दीडशे किलोंवर जातो. बाहेर काढलेल्या बाल्कनीच्या कडेला असे तीन ड्रम ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. वजन कमी करायला दोन भाग माती, दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत घ्या. भांडं सरळ किंवा वर रुंद होत जाणारं हवं. मडक्यासारख्या आवळत्या तोंडाचं नको, कारण दोन-तीन वर्षांत मुळं भरली की गड्डा बाहेर काढून करवतीने दोन भाग करावे लागतात, आणि आवळत्या तोंडातून तो निघत नाही.

जात हेज बांबू किंवा बुद्धा बेली. बुद्धा बेलीची फुगीर पेरं हवी असतील तर भांडं घट्ट आणि पाणी बेतानं. लाड केलेत तर काठ्या सरळ येतात आणि 'फसवलं' म्हणून तुम्ही रोपवाटिकेला बोल लावता. उंचावर वारा पानं फाडतो, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागेल. आणि काचेच्या ग्लासात पाण्यावर वाढणारा 'लकी बांबू' हा बांबू नव्हेच, ती ड्रसीना.

पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. काळी, चुनखडीची जमीन आहे. (परभणी)

फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं पिवळी होऊन गळतात, त्याची काळजी नको. पण कोवळ्या पानांतच शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. जमिनीत ते आहे, चुन्यामुळे मुळांना उचलता येत नाही. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. शेणखत दुप्पट करा. पुढची रोपं खड्ड्यात न लावता फूटभर उंच वरंब्यावर लावा, काळ्या जमिनीत पावसाचं पाणी खड्ड्यात महिनाभर तुंबतं आणि मुळं गुदमरतात.

गावच्या बांबूची आठवण म्हणून घरामागे दोन बेटं हवीत. (न्यू जर्सी)

माणगा, मेस, पिवळा यांतला कुठलाच तिकडचा हिवाळा काढणार नाही. तिथे सहज मिळणारे थंडी सोसणारे उंच बांबू बहुतेक फायलोस्टॅकिस, म्हणजे धावणारे. ते कुंपणाखालून शेजाऱ्याच्या हिरवळीत निघतात आणि तिकडच्या अनेक गावांत त्याविरुद्ध नियम आहेत. आधी टाउनशिपचा नियम पाहा. सुरक्षित निवड फार्जेसिया, बेट करणारा. त्यातला 'रुफा' ६ ते ८ फुटांवर थांबतो. दुपारची सावली द्या. तरीही उंचच हवा असेल तर सभोवार ३० इंच रुंदीची, दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई, म्हणजे चिवट प्लास्टिकची, पट्टी पुरा: २८ इंच जमिनीत, २ इंच वर, वरची कड बाहेर झुकलेली. वरचे २ इंच सोडू नका, पट्टीला अडलेला कंद वर चढून तिथूनच उडी मारतो.

परसातला बांबू कापून विकायला वनखात्याची परवानगी लागते का? (पाटण)

२०१७च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. वनेतर जमिनीवर लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक यांसाठी त्या कायद्याखालचा परवाना आता लागत नाही. बेट खरोखर तुमच्या हद्दीत आहे ना, एवढं सातबारा आणि मोजणीवरून पाहून ठेवा.

घरच्याच बांबूचा मांडव घातला, सहा महिन्यांत काठ्यांतून पिठासारखी पूड गळू लागली. (देवगड)

घुणकिडा लागलाय. तो येतो काठीतल्या पिष्टासाठी. कोवळी किंवा पावसाळ्यात कापलेली काठी त्याला फार आवडते. तीन वर्षांवरची काठी हिवाळ्यात कापा, वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. मग ९५ लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात आठवडाभर. पाणी कोमट घेतलं तर पावडर लवकर विरघळते. द्रावण पेरांच्या आत जावं म्हणून आधी लांब सळईने आतल्या गाठी फोडून घ्या. माणगा भरीव असल्याने त्याला हे जमत नाही, त्याला आणखी आठवडा बुडवून ठेवा. वाळवायचं ते सावलीत, उभं करून. बोरॅक्स पावसाने धुऊन जातं, म्हणून मांडवाचे खांब थेट मातीत गाडू नका. सिमेंटच्या चौथऱ्यात लोखंडी पट्टी बसवून काठी जमिनीपासून सहा इंच उचलून बोल्टने धरा.